‘जे’ आणि ‘ते’ : दायित्व विम्याचे प्रकार व विमापत्राची भाषा

विम्याची माहिती देणारी जी पुस्तके आपल्याकडे मिळतात, त्यांत दायित्व विम्याचे वर्गीकरण बहुधा ग्राहकाच्या नावावरून केलेले असते. कारखानदाराचा विमा निराळा, डॉक्टरचा निराळा, वास्तुशिल्पज्ञाचा निराळा, हॉटेलचालकाचा निराळा, अशी ती यादी लांबत जाते. विमा विकणाऱ्याला ही मांडणी सोयीची असेल. परंतु तिच्यावरून या प्रकारांतील भेद नेमका कशात आहे हे कळत नाही, आणि एकाच माणसाला दोन-तीन निरनिराळी विमापत्रे का घ्यावी लागतात हे तर मुळीच कळत नाही. प्रस्तुत लेखात थोडी वेगळी वाट धरली आहे. विमापत्र हे अखेर एक वाक्य आहे. लांबलचक, अटींनी व अपवादांनी वेढलेले, पण वाक्यच. त्या वाक्याचे व्याकरण तपासले म्हणजे दायित्व विम्याचे प्रकार आपोआप वेगळे होऊ लागतात. भाषेच्या अभ्यासकाने या प्रांतात पाऊल टाकण्याचे समर्थन एवढेच, की येथील काही मोठे वाद एखाद्या क्रियापदाच्या अर्थावरून लढले गेले आहेत आणि त्या अर्थावर हजारो कुटुंबांची नुकसानभरपाई अवलंबून राहिली आहे.

प्रथम आगीचा विमा घेऊ. त्याचे मूळ वाक्य ‘जर-तर’ या घाटाचे आहे : जर अमुक गोदाम जळाले, तर विमा कंपनी विमेदाराला त्याची किंमत देईल. वस्तू ठरलेली आहे, तिची किंमत अजमावता येते, आणि व्यवहार दोघांमधला आहे. दायित्व विम्याचे मूळ वाक्य याहून वेगळे, ‘जे-ते’ या घाटाचे आहे : विमेदाराला कायद्याने दुसऱ्या कोणास जे देणे भाग पडेल, ते विमा कंपनी देईल. येथे ‘ते’ म्हणजे किती, हे विमा उतरविताना कोणालाच ठाऊक नसते. ते न्यायालय ठरविते, किंवा तडजोडीच्या बैठकीत ठरते. मराठीतील संबंधदर्शक रचनेचा गुण असा, की गौण वाक्य आधी येते आणि मुख्य वाक्य त्याची वाट पाहत राहते. दायित्व विम्याची नेमकी हीच स्थिती आहे. मुख्य वाक्य सर्व विमापत्रांत जवळजवळ एकच आहे. विम्याचे प्रकार होतात ते ‘जे’च्या वाक्यात : कोणाला देणे, कशाबद्दल देणे, कशामुळे उद्भवलेले देणे, आणि केव्हा उद्भवलेले देणे. परिभाषेत बोलावयाचे तर संप्रदान, कर्म, अपादान आणि अधिकरण या चार जागी जे बदल होतात, त्यांतून हे सारे प्रकार निर्माण झाले आहेत. व्याकरणातील कारकांची काटेकोर लक्षणे येथे तंतोतंत लागू पडतील असे नाही. परंतु तुलना उपयोगी आहे.

संज्ञांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ‘लायबिलिटी’ या इंग्रजी शब्दाला मराठीत ‘जबाबदारी’ आणि ‘दायित्व’ असे दोन प्रतिशब्द चालतात, आणि ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यांची घडण पाहिली तर फरक स्पष्ट होतो. ‘जबाबदारी’त अरबी ‘जवाब’ व फारसी ‘दार’ आहेत. जबाब देणे ज्याच्याकडे आहे तो जबाबदार. ‘दायित्व’ संस्कृत ‘दा’ धातूपासून आले आहे. ज्याला द्यावयाचे आहे त्याची ती अवस्था. एकात उत्तर देणे आहे, दुसऱ्यात पैसा देणे आहे. विमा कंपनी फक्त पैसा देते, जबाब ज्याचा त्यानेच द्यावयाचा, असे कोणास वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. बहुतेक दायित्व विमापत्रांत दाव्याचा बचाव विमेदाराच्या नावाने चालविण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे राखून ठेवते. कैफियत कोणत्या धोरणाने द्यावयाची, वकील कोण नेमावयाचा, तडजोड करावयाची की नाही, हे बऱ्याच अंशी तीच ठरविते. म्हणजे दायित्वाबरोबर न्यायालयातला जबाबही ती उचलते. याचे परिणाम पुढे पाहू.

आता पहिला प्रश्न, ‘कोणाला’. आगीच्या विम्यात दोन पक्ष असतात. येथे तिसरा येतो. इंग्रजी विमापत्रांतील ‘थर्ड पार्टी’चे ‘तृतीय पक्ष’ असे भाषांतर आपण करतो. मराठीत याहून जुना आणि अस्सल शब्द आहे, तो ‘तिऱ्हाईत’. तीन या संख्येशी त्याचे नाते उघड आहे, आणि ‘ज्याचा या व्यवहाराशी संबंध नाही असा परका’ ही त्याची अर्थच्छटा विम्याला अगदी अनुरूप आहे. विमापत्रावर ज्याची सही नाही, ज्याने हप्ता भरलेला नाही, बहुधा ज्याला विमा आहे हेदेखील माहीत नाही, अशा माणसासाठी हा करार अस्तित्वात येतो. मोटार अपघातांच्या बाबतीत आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइतासाठीचा विमा सक्तीचा केला, आणि त्या तरतुदी १९४६ पासून अमलात आल्या. त्यामुळे ‘थर्ड पार्टी’ हा शब्द आता खेड्यापाड्यांतल्या वाहनचालकाच्याही तोंडी आहे. धंद्यातील दायित्वाच्या संदर्भात मात्र तो तितकासा पोहोचलेला नाही.

परंतु नुकसान झालेला प्रत्येक माणूस तिऱ्हाईत नसतो. कारखान्यातला कामगार मालकाच्या दृष्टीने परका नाही, आणि म्हणून सार्वजनिक दायित्वाच्या विमापत्रात त्याला वगळलेले असते. त्याच्यासाठीचा विमा स्वतंत्र आहे, आणि इतिहासदृष्ट्या या सर्व प्रकारांत तो वडील भावंडांपैकी आहे. ब्रिटनमध्ये १८८० साली मालकाच्या दायित्वाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी हा विमा उतरविण्यासाठी खास कंपनीही लंडनमध्ये निघाली. १८९७ च्या ब्रिटिश कायद्याने मालकाची चूक सिद्ध करण्याची अट काढून टाकली. त्याच धर्तीवर भारतात १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला. २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावातील ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ हा व्यापक शब्द आला. १९४८ च्या राज्य विमा कायद्याखाली येणाऱ्या कर्मचाऱ्यांची व्यवस्था वेगळी होती.

या कायद्यांतील एक शब्दसंहती भाषाभ्यासकाने अवश्य पाहावी. अपघात ‘कामातून उद्भवलेला’ आणि ‘काम चालू असताना घडलेला’ असा दोन्ही असला पाहिजे. पहिल्यात अपादान आहे, दुसऱ्यात अधिकरण; एकात कारण, दुसऱ्यात काळ व स्थळ. दुपारच्या सुट्टीत गिरणीच्या आवारात भाकरी खात बसलेल्या कामगाराला हृदयविकाराचा झटका आला, तर तो काम चालू असताना आला असे म्हणता येईल. पण तो कामातून आला काय? त्याच्या नेहमीच्या कामाचा ताण, उष्णता, ओझी यांचा पुरावा काय सांगतो, यावर उत्तर ठरेल. दोन विभक्तींना जोडणाऱ्या ‘आणि’ या एका अव्ययावर ब्रिटनमध्ये आणि भारतात शतकाहून अधिक काळ वाद होत आले आहेत. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ असते, तर निकालांची एक मोठी फळी उलटी लागली असती.

सार्वजनिक दायित्वाकडे वळले की ‘कशामुळे’ हा प्रश्न पुढे येतो. दुकानाच्या ओल्या फरशीवर गिऱ्हाईक घसरून पडले, बांधकामावरची फळी रस्त्यावरच्या माणसावर कोसळली, ही या प्रकाराची साधी उदाहरणे. येथे निष्काळजीपणा दाखवावा लागतो. घातक द्रव्ये हाताळणाऱ्या उद्योगांची गोष्ट वेगळी आहे. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथे विषारी वायू पसरला. त्यानंतर दिल्लीतील ओलियम वायूच्या गळतीच्या प्रकरणात, डिसेंबर १९८६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने असे धंदे करणाऱ्यांचे दायित्व निरपवाद आहे असा सिद्धांत मांडला. १८६८ च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्रजी निर्णयाने अपवादांसह जे दायित्व सांगितले होते, त्यातले अपवादही येथे पुसले गेले. पुढे १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला आणि घातक द्रव्ये हाताळणाऱ्या मालकाला विमा सक्तीचा झाला.

या कायद्याच्या रचनेत एक विचारी दुपदरीपणा आहे. पहिला पदर तातडीच्या साहाय्याचा : कोणाची चूक हे न विचारता, जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून मिळणारा. मूळ अनुसूचीत मृत्यूसाठी २५,००० रुपये, वैद्यकीय खर्चासाठी १२,५०० रुपयांपर्यंत, मालमत्तेच्या हानीसाठी ६,००० रुपयांपर्यंत अशा रकमा होत्या. १९९१ च्या मानानेही त्या तुटपुंज्याच होत्या, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. दुसरा पदर न्यायालयातून मिळणाऱ्या पूर्ण भरपाईचा. तो हक्क पहिल्याने नाहीसा होत नाही. विमा कंपनीच्या बाजूला मूळ नियमांत एका अपघातासाठी ५ कोटी व वर्षभरासाठी १५ कोटी रुपये अशी मर्यादा घातलेली होती, आणि त्यापुढची तूट भरण्यासाठी मालकाने हप्त्याइतकीच आणखी रक्कम पर्यावरण साहाय्य निधीत भरावी अशी योजना १९९२ च्या दुरुस्तीने केली. कायद्यात व नियमांत नंतरही फेरफार झाले आहेत. दुपदरी घाट मात्र मूळचा आहे.

‘एका अपघातासाठी’ हे शब्द जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. जवळजवळ प्रत्येक दायित्व विमापत्रात अशा दोन मर्यादा असतात, एक एका अपघाताची आणि एक वर्षाची, आणि त्यांचे प्रमाण विमा घेतानाच ठरते. पण ‘एक’ कोणाला म्हणावयाचे? मंगल कार्यालयातील जेवणातून दोनशे पाहुण्यांना विषबाधा झाली, तर तो अपघात एक की दोनशे? स्वयंपाकघराकडून पाहिले तर एक. पाहुण्यांकडून पाहिले तर दोनशे. मर्यादा एका अपघाताची असेल, तर ‘एक’ म्हणणे कंपनीला लाभते; प्रत्येक अपघातातील पहिला काही भाग विमेदाराने सोसावा अशी अट असेल, तर उलट ‘दोनशे’ म्हणणे तिला लाभते. म्हणून जाणते विमापत्र एकाच मूळ कारणातून निघालेल्या हानींची मालिका एकच मानावी असे स्पष्ट लिहिते. व्याकरणात ज्याला आपण वचन म्हणतो आणि विद्यार्थी ज्याला सर्वांत सोपे प्रकरण समजतात, त्याची येथे अशी किंमत आहे.

‘अपघात’ हा शब्दही सरळ नाही. ‘घात’ हा हन् धातूतून आलेला असल्यामुळे मराठी अपघातात हानी गृहीत असते. इंग्रजी ‘अ‍ॅक्सिडेंट’ लॅटिनमधील ‘अंगावर येऊन पडणे’ या कल्पनेतून आला. त्यात भर आहे तो अनपेक्षिततेवर. शिवाय दोन्ही शब्दांत क्षणिकतेची छाया आहे. कारखान्यातले सांडपाणी वर्षानुवर्षे झिरपून विहिरी नासल्या, तर त्याला अपघात म्हणावे काय? अमेरिकेतील प्रमाण विमापत्रात १९६६ साली ‘अपघात’ काढून ‘घटना’ या अर्थाचा शब्द घातला गेला आणि सतत वा पुनःपुन्हा होणारा संपर्कही त्यात बसविला गेला. याच विमापत्राच्या नावातील ‘सर्वसमावेशक’ हे विशेषण १९८६ साली गळून त्या जागी ‘व्यापारी’ हे आले. विमापत्र सर्वसमावेशक कधीच नव्हते. नावाने उगाच आशा लावली होती.

उत्पादनाच्या दायित्वाविषयी थोडक्यातच लिहितो. स्कॉटलंडमधील पेस्ली येथे १९२८ साली आल्याच्या पेयाच्या बाटलीत गोगलगाय निघाली, आणि १९३२ साली ब्रिटिश उमरावसभेने डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या प्रकरणात निर्माता व अंतिम ग्राहक यांच्यात करार नसतानाही काळजी घेण्याचे कर्तव्य असते असे ठरविले. तिऱ्हाईत माणूस कायद्याच्या दृष्टीने शेजारी झाला, तो येथे. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले आणि ते २०२० च्या जुलैपासून लागू झाले. त्यात निर्मात्याबरोबर विक्रेता आणि सेवा पुरविणाराही येतो. या विम्याचे वैशिष्ट्य असे, की माल विमेदाराच्या ताब्यातून गेल्यानंतरची हानी तो सोसतो, आणि सदोष माल परत घेण्याचा व बदलून देण्याचा खर्च सामान्यतः सोसत नाही.

व्यावसायिकांच्या दायित्वाकडे वळताना पारिभाषिक शब्दच आधी आडवा येतो. मराठीत ‘व्यावसायिक गाळे’ म्हणजे दुकानांची जागा आणि ‘वैद्यकीय व्यावसायिक’ म्हणजे डॉक्टर. एकाच विशेषणात व्यापार आणि विद्वत्तेवर चालणारा पेशा हे दोन्ही अर्थ वसले आहेत. ‘व्यावसायिक दायित्व विमा’ असे लिहिलेले माहितीपत्रक वाचून दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरने जर सार्वजनिक दायित्वाचे विमापत्र घेतले, तर दवाखान्याच्या पायरीवरून रुग्ण पडल्यास त्याला संरक्षण आहे, पण चुकीच्या उपचाराबद्दल नाही. कारण व्यावसायिक सल्ला व सेवा यांतून उद्भवणारे दायित्व त्या विमापत्रातून बहुधा वगळलेले असते. ‘पेशा’ हा शब्द अद्याप जिवंत असताना आपण ‘पेशागत दायित्व’ असे का म्हणू नये, हा प्रश्न परिभाषा ठरविणाऱ्यांनी विचारात घेण्यासारखा आहे. इंग्रजीतील ‘इन्डेम्निटी’साठी रूढ झालेला ‘क्षतिपूर्ती’ हा शब्द मात्र चांगला आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. सार्वजनिक दायित्वाचे विमापत्र शरीराची इजा आणि मालमत्तेची मोडतोड यांच्याविषयी बोलते. हिशेब तपासनीस, वकील, वास्तुशिल्पज्ञ, मूल्यांकनकार यांच्या हातून होणारी हानी बहुधा नुसती पैशाची असते. कोणाचे हाड मोडत नाही, कोणाची भिंत पडत नाही. त्यांचा मालच मुळी शब्दांचा : अहवाल, सल्ला, प्रमाणपत्र, नकाशावरची टीप. नुसत्या निष्काळजी शब्दांनी, करार नसताना, पैशाचे दायित्व येते काय? १९६३ सालच्या हेडली बर्न विरुद्ध हेलर या प्रकरणात उमरावसभेने येऊ शकते असे म्हटले. एका जाहिरात संस्थेने आपल्या ग्राहकाची पत कशी आहे हे बँकेमार्फत विचारले. ग्राहकाच्या बँकेने अनुकूल अभिप्राय कळविला. ग्राहक बुडाला आणि संस्थेचे सुमारे १७,००० पौंड गेले. तत्त्व संस्थेच्या बाजूने लागले, निकाल मात्र विरुद्ध गेला. कारण अभिप्राय ‘जबाबदारीविना’ आहे असे बँकेने लिहून ठेवले होते. उच्चाराने कृती घडते हे तत्त्व जॉन ऑस्टिन यांची १९५५ ची हार्वर्ड व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूपाने आली तेव्हा तत्त्वज्ञानात गाजू लागले. पुढल्याच वर्षी न्यायाधीशांनी, बहुधा ती व्याख्याने न वाचता, उच्चाराला पैशाची किंमत लावली.

डॉक्टरांच्या बाबतीत शब्द आणि शरीर दोन्ही आहेत. १९५७ च्या बोलम प्रकरणातील इंग्रजी कसोटी, म्हणजे त्या शास्त्रातील जबाबदार मंडळींना मान्य अशा पद्धतीने डॉक्टर वागला की नाही, ही पुष्कळांना ठाऊक असते. आपल्याकडील आधारभूत निर्णय महाराष्ट्रातलाच आहे, हे तितके ठाऊक नसते. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यात त्यावर उपचार होत असताना तो दगावला. भूल न देता जोर लावून हाड बसविल्याचा आक्षेप न्यायालयांनी ग्राह्य धरला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या दाव्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ३,००० रुपयांची भरपाई कायम केली आणि डॉक्टराची कर्तव्ये सांगितली. पंधरा वर्षे आणि तीन हजार रुपये, हे प्रमाण ध्यानात घेतले म्हणजे त्या काळी या विम्याची निकड का भासली नाही ते समजते. १९९५ साली व्ही. पी. शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा, सर्वांना विनामूल्य दिली जाणारी सोडून, ग्राहक कायद्याखाली आल्या, आणि चित्र पालटले. वकिलांची सेवा मात्र त्या कायद्याखाली येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. याचा अर्थ वकिलाला दायित्व नाही असा नव्हे. दिवाणी न्यायालयाचा रस्ता मोकळाच आहे.

कंपन्यांचे संचालक व अधिकारी यांचा विमा हा याच कुळातला. तेथे सल्ल्याऐवजी व्यवस्थापनातील निर्णय येतो. संगणकातील माहितीच्या चोरीचा विमा अजून रूप घेत आहे. तूर्त त्यांना येथेच सोडू.

चौथा प्रश्न ‘केव्हा’ हा आहे. माझ्या मते तो सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत अधिक नुकसान करतो. चूक एके दिवशी होते, तिचा परिणाम दुसऱ्या दिवशी प्रकट होतो, मागणी तिसऱ्याच दिवशी येते. आणि या तीन दिवसांत वर्षांचे अंतर असू शकते. विमापत्र यांपैकी कोणत्या दिवसाला बांधलेले आहे? घटनेवर आधारलेले विमापत्र म्हणते : मुदतीत जे घडले त्याबद्दल, मागणी केव्हाही येवो. मागणीवर आधारलेले विमापत्र म्हणते : मुदतीत जी मागणी आली तिच्याबद्दल, आणि तीही विमापत्रात नमूद केलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरच्या कृत्यातून उद्भवलेली असेल तर. पेशागत क्षतिपूर्तीची विमापत्रे बहुधा दुसऱ्या जातीची असतात. तीस वर्षे न चुकता हप्ते भरणारा वास्तुशिल्पज्ञ निवृत्त होतो आणि आता काम नाही म्हणून विमा बंद करतो. तीन वर्षांनी त्याने आखलेल्या इमारतीचा सज्जा खचतो. चूक विम्याच्या काळातली, मागणी विम्याबाहेरची, संरक्षण शून्य. तोच परिणाम कंपनी बदलताना पूर्वलक्षी तारीख नवी लागू दिल्यानेही होतो. निवृत्तीनंतर काही वर्षे वाढीव मुदत विकत घेता येते, पण त्यासाठी ‘केव्हा’ हा प्रश्न सुचावा लागतो.

घटनेवर आधारलेली विमापत्रेही या बाबतीत निर्धोक नाहीत. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ब्रिटनमधील अ‍ॅसबेस्टॉसच्या दाव्यांचे आहे. अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू श्वासावाटे गेल्याने फुप्फुसाच्या आवरणाला मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो, तो बहुधा तीस-चाळीस वर्षांनी. कामगाराने तंतू घेतले तेव्हा मालकाचे विमापत्र होते. रोग प्रकटला तेव्हा पुष्कळ कारखाने उरलेही नव्हते. काही विमापत्रांत मुदतीत ‘कॉन्ट्रॅक्टेड’ रोग असे शब्द होते, काहींत ‘सस्टेन्ड’ इजा असे. मराठीत पहिल्याला ‘जडलेला’ आणि दुसऱ्याला ‘सोसलेली’ म्हणता येईल. कंपन्यांचे म्हणणे, की गाठ वाढू लागेपर्यंत कोणी काही सोसलेले नसते. आणि सार्वजनिक दायित्वाच्या एका विमापत्राविषयी, बोल्टन नगरपालिकेच्या प्रकरणात, अपील न्यायालयाने २००६ साली तसाच अर्थ लावलेला होता. मालकांच्या विमापत्रांचा वाद उच्च न्यायालयातून २०१२ च्या मार्चमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या न्यायालयाने म्हटले, की मालकाच्या दायित्वाच्या विम्यात या दोन्ही शब्दांचा रोख रोगाच्या कारणाकडे, म्हणजे तंतू शरीरात गेले त्या काळाकडे आहे. अर्थ शब्दकोशातून न घेता विमापत्राच्या हेतूवरून घेतला गेला : कामावर असलेल्या माणसांच्या संख्येवरून व वेतनावरून हप्ता ठरतो, तेव्हा संरक्षणही त्यांच्या त्या काळातल्या कामाला असले पाहिजे.

मराठी वाचकाला या वादात एक गोष्ट सहज दिसेल. आपल्याकडे रोग ‘लागतो’, ‘जडतो’, ‘होतो’, ‘उद्भवतो’, ‘बळावतो’ आणि ‘दिसून येतो’. यांपैकी ‘लागणे’ आरंभाकडे बोट दाखविते, ‘बळावणे’ मधल्या अवस्थेकडे, ‘दिसून येणे’ अखेरीकडे. ‘होणे’ मात्र काहीच सांगत नाही. विमापत्राचे मराठी रूपांतर करणाराने ‘रोग झाल्यास’ असे सोपे म्हणून लिहिले, तर त्याने चाळीस वर्षांचा वाद एका क्रियापदात भरून ठेवला असे समजावे. संदिग्ध शब्दाचा अर्थ विमेदाराच्या बाजूने लावावा असे तत्त्व आपल्याकडेही आहे. २००४ साली पुष्पालय प्रिंटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वाहनाच्या आघातात त्याच्या हादऱ्यांचाही समावेश केला, तो याच आधारावर. परंतु शब्द स्पष्ट असताना न्यायालय नवा करार लिहून देणार नाही, हेही त्याच न्यायालयाने १९६६ साली चंदमल जैन प्रकरणात सांगून ठेवले आहे.

अखेर बचावाच्या अधिकाराकडे परत येतो. कंपनी न्यायालयात जबाब देणार, म्हणून विमापत्रात अट असते : तिच्या लेखी संमतीविना विमेदाराने दायित्वाची कबुली, देकार किंवा वचन देऊ नये. शस्त्रक्रिया बिघडल्यावर बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलणाऱ्या डॉक्टरने मग कोणती वाक्ये बोलावी? ‘फार वाईट वाटते’ हे दुःख आहे, ‘माझ्याकडून चूक झाली’ ही कबुली आहे; आणि ‘माफ करा’ हे दोन्ही होऊ शकते, कारण मराठीत गर्दीत धक्का लागला तरी आपण माफ करा म्हणतो. ब्रिटनने २००६ च्या नुकसानभरपाई कायद्यात केवळ क्षमायाचना ही निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही असे लिहून ठेवले. जेथे अशी तरतूद नाही, तेथे डॉक्टर वकिलाच्या सल्ल्याने गप्प राहतो, आणि ज्यांना फक्त दोन शब्द हवे होते ते नातेवाईक दावा दाखल करतात. दिलगिरी आणि कबुली यांतील सीमारेषा मराठी बोलणारा क्रियापदाच्या पुरुषावरून, प्रयोगावरून की नुसत्या सुरावरून ओळखतो, याचा रीतसर अभ्यास आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हाती घेतल्यास रुग्णालयांतील प्रत्यक्ष संभाषणांपासून आरंभ करावा. न्यायालयातील साक्षींच्या नकला या कामी फारशा उपयोगी पडणार नाहीत, कारण तेथे सूर उतरवून घेतलेला नसतो.